साडूचा विमा आणि माझी छाती

माझ्या छातीत क्षय आहे हे मला विमा कंपनीच्या डॉक्टरानं सांगितलं, आणि तेही माझ्या साडूच्या देखत.

आज मी बरा आहे. साताऱ्याच्या मोटार स्टँडवर तिकिटांच्या खिडकीत बसतो. पूर्वी मी प्रवाशांची मोटार चालवायचो, त्यामुळे फलटणपासून महाबळेश्वरापर्यंत वाटेवरची माणसं मला ओळखतात. कुणाच्या घरात छातीचं दुखणं निघालं की ती माणसं खिडकीशी येतात, रांग सरेपर्यंत थांबतात आणि हळूच विचारतात, "आनंदराव, तुमी कसं निभावलं वो?" खिडकीतून किती सांगणार? म्हणून हे लिहायला बसलो. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील, मी फक्त माझ्यावर काय गुदरलं तेवढं सांगतो.

आजारी माणूस भितो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो जळतो किती, हे मात्र कुणी बोलत नाही. मी सगळ्यात जास्त जळलो तो शिवरामवर, माझ्या साडूवर. तो जिवंत असताना जळलो, आणि तो गेल्यावरही जळलो.

सांगलीचा दवाखाना

माझी बायको लक्ष्मी आणि शिवरामची बायको तानुबाई या सख्ख्या बहिणी, कडेगावच्या. तानुबाई थोरली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. शिवराम पलटणीत इंजिनाचा फिटर होता. दुसरी मोठी लढाई संपली तसा घरी आला आणि सांगलीत त्यानं तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी घातली. अंगानं दांडगा, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. सासुरवाडीला आम्ही दोघं एकदम गेलो की सासूबाई पहिलं ताट त्याच्यापुढं ठेवायच्या. थोरला जावई म्हणून ठेवायच्या हे मला कळायचं, तरी खुपायचं.

विम्याचं त्याच्याच डोक्यात आलं. एक एजंट त्याच्या गिरणीवर यायचा. शिवराम मला म्हणाला, "आनंदराव, पलटणीत शेजारच्या खाटंवरचा गडी सकाळी नसायचा. मागं त्याच्या घरात काय चाललंय ते कोण बघतंय? तू रोज घाटात मोटार घालतुस. चल, दोघं मिळून विमा उतरवू."

मला पटलं. घरी दोन लेकरं होती, थोरली कमळ आणि धाकटा. वाडवडिलांची जमीन म्हणाल तर माणदेशाच्या अंगाला माळ, त्यावर कुसळं. मी हातानं मिळवीन तेवढंच घर चालणार, हे मला दिसत होतं. रजा काढून सांगलीला गेलो.

डॉक्टर वयस्कर होते. आधी त्यांनी शिवरामला घेतलं. वजन केलं, डोळे पाहिले, टेप लावून छाती मोजली, श्वास भरून एकदा आणि सोडून एकदा. शिवरामनं श्वास भरला तेव्हा डॉक्टरच हसले. "पैलवान होता काय?"

"पलटणीत कुस्ती खेळायचो, सायेब."

मग माझी पाळी आली. त्यांनी नळी छातीला लावली आणि काढली. पुन्हा उजव्या बाजूला, हाडाच्या खाली लावली. "खोका," म्हणाले. मी खोकलो. "परत खोका."

"खोकला किती दिवस आहे?"

"कोळशाच्या गॅसवरची मोटार चालवतो, सायेब," मी म्हणालो. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून आमच्या मोटारींच्या मागं कोळशाच्या भट्ट्या बसवल्या होत्या. सगळेच ड्रायव्हर खोकायचे.

"संध्याकाळी अंग कसकसतं?"

मी खुंटीवरचा सदरा काढला. शिवराम सदऱ्याची बटणं लावत होता, त्याचा हात थांबला.

डॉक्टरांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. शिवरामचा वरच होता, माझा त्यांनी उचलून दुसरीकडं ठेवला. "हा आज पुढं पाठवत नाही. तुम्ही आधी मिरजेला जाऊन छातीचा फोटो काढून घ्या. उशीर करू नका. मला क्षयाची शंका येते."

बाहेर आल्यावर शिवराम काही बोलला नाही. त्याचं बोलणं कधी बंद झालेलं मी पाहिलं नव्हतं. थोडं चाललो आणि त्यानं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. पिशवीत एक धोतर आणि टॉवेल, वजन काही नाही. ती त्यानं घेतली याचा मला इतका राग आला की मी ओढून परत घेतली.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरून डाग दाखवला. लक्ष्मी माझ्याबरोबर होती. पदर तोंडाशी धरून तिनं सगळं ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं, "मग आता यांचा विमा न्हाई व्हायचा?"

"बाई, आता विमा विसरा. माणूस वाचवू या," डॉक्टर म्हणाले.

टेकडीवर

पाचगणीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका आरोग्यधामात मला खाट मिळाली. माझ्या मोटारीच्या मालकानं ओळखीनं शब्द टाकला. त्याचं नाव पुढं आणत नाही, त्याला आवडायचं नाही.

तिथलं आयुष्य म्हणजे पडून राहणं. सकाळी दूध, अंडी, मग पडा. जेवा आणि पडा. वारं खात व्हरांड्यात पडा. थंडी पडली तर घोंगडी घ्या, पण व्हरांड्यातच पडा. जो माणूस दिवसभर स्टेअरिंग धरून बसायचा, त्याला हात पोटावर ठेवून छताकडं बघत पडायला सांगणं ही काय शिक्षा असते ते पडल्यावर कळतं. पुढं डॉक्टरांनी माझ्या उजव्या बाजूला सुईनं हवा भरायला सुरुवात केली. आजारी फुप्फुस दाबून निजवून ठेवायचं, म्हणजे त्याची जखम भरते, असं त्यांनी समजावलं. पहिल्या दिवशी मी इतका घाबरलो की सिस्टरचा हात सोडेना. तिनंही तो सोडवून घेतला नाही. असल्या गोष्टी माणूस विसरत नाही.

आठवड्यातून एक दिवस वजनाचा. त्या दिवशी वॉर्डात सणही असायचा आणि सुतकही. ज्याचं वजन वाढलं तो लपवून लपवून हसायचा, आणि ज्याचं घटलं तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. माझ्या शेजारच्या खाटेवर फलटणचा गणपत शिंपी होता. मन मोकळं, जीभ तिखट. एकदा त्याचं वजन चांगलं वाढलं आणि माझं घटलं. तो म्हणाला, "आनंदा, माझ्याकडं असं बघू नगंस. तुझं मांस मी न्हाई खाल्लं." आम्ही दोघं हसलो, पण त्या दिवशी दुपारपर्यंत मी त्याच्याशी बोलू शकलो नाही. मी मनातल्या मनात त्याचं वजन माझ्या अंगावर चढवून बघत होतो.

रस्त्यावरून आमच्या मालकाच्या मोटारी जायच्या. हॉर्नवरून मला कळायचं कोण चालवतोय ते. माझ्या मोटारीवर आता माझाच जुना क्लीनर ड्रायव्हर झाला होता. वळणावर तो गिअर उशिरा टाकायचा, इंजिन कण्हायचं आणि माझे दात आवळायचे. पावसाळ्यात तो आवाजही बंद झाला. तिथला पाऊस म्हणजे समोरचं झाड दिसत नाही. खाटा आत ओढल्या, कपडे वाळेनात, आणि ओल्या भिंतींमध्ये आम्ही एकमेकांचं खोकणं ऐकत बसलो.

शिवरामच्या घरात

मी टेकडीवर गेल्यावर लक्ष्मी लेकरांना घेऊन सांगलीला बहिणीकडं राहिली. दुसरीकडं कुठं जाणार? माझ्या भावकीनं आमच्या घरची भांडीसुद्धा शिवायची बंद केली होती. शिवरामनं सरळ सांगितलं, "हितं ऱ्हावा." लक्ष्मी गिरणीत दळण घ्यायला, पीठ चाळायला लागली. फुकट खायचं नाही हा तिचा स्वभाव.

अधूनमधून ती मला भेटायला यायची, डब्यात तिळाची चटणी आणि भाकरी घेऊन. लेकरांना कठड्याच्या पलीकडं उभं करायचे, जवळ येऊ द्यायचे नाहीत. एकदा कमळ तिथून ओरडून सांगायला लागली, "बाबा, काकांनी मला खांद्यावर बसवून गणपती दाखवला! काकांनी मला परकर आणला!" काका म्हणजे शिवराम. पोरगी खूश होती. मी हसलो आणि ताप आल्यासारखा कुशीवर वळलो. माझ्या लेकीला खांद्यावर घ्यायला दुसऱ्याचा खांदा, माझ्या बायकोला भाकरी थापायला दुसऱ्याची चूल, आणि उद्या मी गेलो तर माझ्यामागं काही नाही. त्याच्यामागं मात्र विमा. देवानं एका माणसाला किती द्यावं?

लक्ष्मीच्याही मनात तेच होतं. एकदा चटणी वाढता वाढता ती म्हणाली, "अक्काला घोर न्हाई कशाचा. दाजी हायत, वर दाजींचा विमा हाय. मला रोज तिच्या हाताकडं बघाय लागतंय." मग तिनं डब्याचं झाकण लावलं. बहिणीबद्दल असं बोललं म्हणून तिलाच कसंतरी झालं असावं.

उसनी छाती

गणपतनं एक वाट सांगितली. त्याच्या माहितीतला कुणी एजंट होता. तो म्हणे दुसऱ्या गावच्या डॉक्टरापुढं धडधाकट माणूस उभा करायचा, नाव आजाऱ्याचं सांगायचा. तपासणी पास. विमा आजाऱ्याच्या नावावर.

"माणूस भरवशाचा पायजे फकस्त," गणपत म्हणाला. "घरातला."

मला दुसरं कोण आठवणार? मी निरोप धाडला आणि शिवराम आला. अंड्यांची टोपली घेऊन आला आणि सरळ माझ्या खाटेवर बसला. बाकीचे पाहुणे खुर्ची लांब ओढून बसायचे. हा कधीच लांब बसला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची मान खाली गेली.

"म्हंजे छाती माझी आन् नाव तुझं," तो म्हणाला.

"व्हय. एकडाव उभं ऱ्हायचं. तुमचं काय जातंय त्यात, पाव्हणं?"

"माझं काय जाईल ते सोड. उद्या तुझं बरंवाईट झालं, तर कंपनीचा माणूस चौकशीला येणार. ह्या हिथं तुझं नाव हाय, खाट हाय. त्याला काय कळणार न्हाई? लक्षीच्या हातात पैसा पडायचा ऱ्हाईल बाजूला, तिलाच कचेरीत उभं करतील. लबाडीचा विमा म्हंजे विमा न्हवं गड्या."

"तुमाला काय बोलाय जातंय!" माझा आवाज चढला. वॉर्डातले बघायला लागले. "तुमची सोय झाली. तुमी मेला तर तुमच्या बायकोला मिळणार. माझ्या बायकोनं काय करायचं? तुमच्या दारात दळण दळत बसायचं जन्मभर?"

त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, उठून जाईल. तो उठला नाही. म्हणाला, "माझ्या घरात चूल पेटती तवर लक्षी आन् पोरं उपाशी ऱ्हायची न्हाईत. एवढं मी बोलतो. खोटा अंगठा मी उठवणार न्हाई."

त्याला ते बोलता येत होतं, याचाच मला संताप आला. दुसऱ्याच्या लेकरांना पोसण्याचं वचन द्यायला सुद्धा ताकद लागते, आणि ती त्याच्यापाशी होती. मी तोंड फिरवलं. जाताना त्यानं माझ्या पायांवर घोंगडी नीट केली.

लक्ष्मी एकटी आली

पाऊस सरल्यावर लक्ष्मी आली ती लेकरांशिवाय. डबा नव्हता. कुंकू पुसट झालं होतं. व्हरांड्यात माझ्याजवळ जमिनीवरच बसली.

"दाजी गेलं," म्हणाली.

मला काही कळेना. कुठं गेले?

गिरणीत नवीन जातं आलं होतं. त्याच्या खोक्याचा खिळा शिवरामच्या टाचेत घुसला. त्यानं उपसून टाकला, हळद भरली आणि कामाला लागला. थोड्या दिवसांनी जबडा आवळायला लागला, तोंड उघडेना. मग अंग धनुष्यासारखं वाकायला लागलं. मिरजेला नेलं, पण हाती लागला नाही. पलटणीतून सुखरूप आलेला, छाती टेपात न मावणारा माणूस एका खिळ्यानं गेला.

लक्ष्मी रडत होती. माझ्या डोळ्यांतूनही पाणी आलं. पण त्या पाण्याबरोबर मनात काय आलं तेही सांगतो, कारण हे लिहायचं तर तेवढंच खरं लिहायला पाहिजे. मनात आलं, सुटला! मोकळा झाला. बायकोला, लेकरांना मागं ठेवून गेला, पण उघडं ठेवून गेला नाही. मला कुणी मरायची मुभा दिली असती तर मी अशीच मागितली असती. मी मेलेल्या माणसाचा हेवा करत होतो.

लक्ष्मीनं डोळे पुसले. दुसरीकडं बघत म्हणाली, "अक्काला इम्याचं मिळंल म्हनत्यात."

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या दोघांच्या मनात एकच होतं आणि ते दोघांनाही दिसलं. तिचा चेहरा उतरला. मग एकदम तिला राग आला. कुणावर आला, देव जाणे. माझ्या खाटेची दांडी धरून उभी राहिली आणि म्हणाली:

"दाजींना मरणं परवाडलं. तुमाला परवाडायचं न्हाई. कळलं का? तुमी मेला तर मला काय सुदिक मिळत न्हाई. तवा खावा, निजा, आन् बरं हुवा. मला दुसरी सोय न्हाई."

शेजारी गणपत होता. त्यानं डोक्यावरून चादर ओढून घेतली.

आजवर मला पुष्कळांनी धीर दिला. देवाचे अंगारे आले, कीर्तनकार आले, डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवले. पण त्या दिवशी बायकोनं जे सुनावलं त्यानं मी जेवायला लागलो. तोवर अर्धं ताट परत जायचं. त्यानंतर मी ताट पुसून खाल्लं. नको असलेलं अंडं गिळलं. सुईच्या दिवशी कुरकुर केली नाही. मला मरणं परवडत नव्हतं, इतकं ते सोपं होतं.

अक्काचं काय झालं

शिवराम गेला तसे त्याचे दोन भाऊ सांगलीला आले. गिरणी आपल्या ताब्यात द्या, वहिनी माहेरी जातील, लेकरांचं आम्ही बघू, असं त्यांनी दिवस घालायच्या आधीच बोलून दाखवलं. गिरणीचं इंजिन शिवरामनं उधारीवर आणलं होतं, ते कुणी फेडायचं हा प्रश्न त्यांनी मधोमध ठेवला.

मग विमा कंपनीचा माणूस चौकशी करून गेला. शिवरामनं अर्ज करताना एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं, हप्ता थकवला नव्हता, आणि वारस म्हणून बायकोचं नाव स्वतःहून लिहून दिलं होतं. आमच्याकडं असं नाव लिहायची रीत नाही. माणूस बापाचं नाव लिहितो, नाहीतर भावाचं. पैसे सरळ अक्काच्या हातात आले. तिनं इंजिनाचं देणं फेडलं आणि दिरांना चहा पाजून वाटेला लावलं. गिरणी चालू राहिली. दोघी बहिणी ती चालवायला लागल्या. अक्कानं इंजिन सुरू करायला शिकून घेतलं. माझी लेकरं त्याच घरात जेवत होती. शिवरामनं शब्द दिला होता, तो त्याच्यामागं त्याच्या विम्यानं पाळला असं म्हणायला हरकत नाही.

हे मला लक्ष्मी टेकडीवर येऊन सांगायची. ऐकून बरं वाटायचं आणि आत कुठंतरी करपायचंही. मेल्यावरसुद्धा तोच माझं घर चालवत होता.

उतार

बरं होणं ही काही एका दिवसाची गोष्ट नाही. ताप कमी झाला. थुंकी तपासली ती स्वच्छ निघाली, परत तपासली, पुन्हा स्वच्छ. आधी व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालायची परवानगी मिळाली, मग फाटकापर्यंत. मी फाटकाशी उभा राहिलो तेव्हा खालून आमची मोटार आली. माझ्या जुन्या क्लीनरनं मला बघून मोटार थांबवली, उतरला आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडला. मला त्याच्या गिअरचं बोलायचं होतं, ते बोललो नाही.

गणपत बरा होऊन घरी गेला नाही. तो त्याच खाटेवर, वजनाच्या आदल्या दिवशी गेला. त्याचा तो एजंट नंतर त्याच्या बायकोला भेटला की नाही हे मला कळलं नाही.

मोटार चालवायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली. मालकानं तिकिटाच्या खिडकीत बसवलं. बरा झाल्यावर मी पुन्हा एकदा विम्यासाठी विचारून पाहिलं. एजंटानं माझी हकिगत ऐकली आणि छत्री उचलली. माझा विमा कधीच होणार नाही. तेव्हा ज्यांच्या छातीत आज काही नाही त्यांना मी एवढंच सांगतो, की विमा उतरवायचा तो अंगात रग असतानाच, आणि दुखणं निघालं तर तपासणी चुकवायची नाही. त्या डॉक्टरानं मला नापास केलं म्हणून मी वेळेवर मिरजेला गेलो. आणखी एक पावसाळा कोळशाच्या धुराला दोष देत राहिलो असतो तर आज खिडकीत दुसरा कुणी असता. आणि अर्जावर बायकोचं नाव लिहा. लाजू नका.

सांगलीला गेलो तेव्हा

घरी आल्यावर अंगात थोडी ताकद आली तसा मी सांगलीला अक्काला भेटायला गेलो. शिवराम गेल्यापासून मी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. लक्ष्मी लेकरांना घेऊन आधीच साताऱ्याला आली होती, मी एकटाच गेलो.

गिरणी बंद करून अक्का घरात आली. कपाळ मोकळं, केसांत पीठ. तिनं मला भाकरी वाढली, घरातल्याच ताटात. इतरांच्या घरी माझं ताट अजून वेगळं असतं.

"पाव्हण्यांनी तुमाला उघडं टाकलं न्हाई," शेवटी एवढंच म्हणालो.

"न्हाई टाकलं," अक्का म्हणाली. "त्यो पैसा नसता तर दिरांनी मला कडेगावला धाडलं असतं. लेकरं त्यांच्या गुरांमागं गेली असती. आज मी माझ्या दारात हाय. त्यांचं लय उपकार." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "लक्षी मला म्हनायची, अक्का, तुझं बरं हाय. तुमीबी तसंच म्हनत असशीला."

मी मान खाली घातली.

"आनंदराव, लक्षी तुमच्याकडं यायला निघायची त्या दिवशी सकाळी उठून तीळ भाजायची. डबा भरायची. केस इंचरायची. मी हितं बसून बघायची. मला वाटायचं, हिचा नवरा खाटंवर का असंना, हाय. कुनासाठी तरी डबा भरती ही. मला लय जळायचं. बहीण हाय माझी, पर एक दिवस वाटलं, डब्याला लाथ मारावी."

आम्ही दोघंही एकमेकांच्या ताटाकडं बघत दिवस काढत होतो आणि ते एकमेकांना ठाऊक नव्हतं.

भाकरीचा तुकडा घशात अडकला आणि मला खोकला आला. दुखणं गेलं तरी कोरडा खोकला राहिला आहे, तो जायचा नाही. आरोग्यधामात लागलेल्या सवयीनं मी तोंडाला रुमाल धरला आणि बाहेर जायला उठलो.

"बसा," अक्का म्हणाली. "कुठं निघालाय? हितंच खोका."

मी तसाच उभा होतो.

"ह्या घरात बाप्या मानसाचा आवाज ऐकून लय दिस झालं," ती म्हणाली, आणि माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

मी खाली बसलो.